पांढऱ्यावर पांढरं: जखम की कोरा कागद?

सीमाभाग_रसिक: शिल्पकार-चित्रकार सोमनाथ होरांची ‘वूंड्स’ (जखमा) ही पांढऱ्या कागदी लगद्याच्या ठशांची मालिका म्हणजे कोरा कागद. दुःख चित्रकार चित्तप्रसादनं दाखवलं, बंगालच्या दुष्काळाची लिनोकट (लिनोलियम कोरून काढलेले ठसे) बघा.

ठसेवाला_खानापूर: हे वाचून गप्प बसवेना. 1943च्या दुष्काळाची चित्तप्रसादची गाजलेली चित्रं शाईची रेखाटनं आहेत ओ, लिनोकट नव्हेत! त्याची लिनोतली मालिका आहे ती बालमजुरांची. होरांनीही तोच दुष्काळ रेखाटला, 1946 ची बंगालमधल्या बटाईदार शेतकऱ्यांची तेभागा चळवळ पाहिली. 1970च्या दशकात माणसाची आकृती गेली, जखम राहिली. मातीच्या सपाट थरावर वार करायचे, त्यावर सिमेंट ओतून साचा काढायचा. मातीतली चीर साच्यात उंचवटा होते. त्यावर कागदाचा ओला लगदा दाबून वाळवला की उंचवट्याच्या जागी परत चीर. शाई नाहीच, क्वचित लाल डाग. समोरून उजेड टाकला तर सगळं सपाट, तिरपा टाका. मोबाइलच्या फ्लॅशमधला फोटो बघून निकाल देताय होय?

सीमाभाग_रसिक: रेखाटनांचं मान्य, घ्या पेढा. पण तिरपा उजेड हवा म्हणजे गॅलरी आली. लिनोला शाई लावायला रूळ आणि कागद घासायला चमचा पुरतो. आदल्या रात्री शंभर प्रती काढा, सकाळी मोर्चात वाटा.

ठसेवाला_खानापूर: चमच्यानं एक प्रत पाच मिनिटं धरली तरी शंभराला आठ तास. वर तेलाची शाई रात्रीत वाळत नाही, आपल्याकडच्या जुलैत तर विसराच. वाटा मग लोकांचे हात काळे करत.

कोरीव_शहापूर: मुद्राचित्रकार झरीना हाश्मींची ‘डिव्हायडिंग लाइन’ (2001) कुणालाच आठवेना? फाळणीची रेघ, वुडकट म्हणजे लाकडी ठसा. रेघ कोरलेली नाही; भोवतीचं लाकूड खोदून काढलं, रेघ उरली.

सीमाभाग_रसिक: रेघेचं दुःख बेळगावकराला शिकवू नका. 1956 पासून तेच चाललंय. आणि 17 जानेवारीला हुतात्म्यांना काय, तर फ्लेक्स!

कोरीव_शहापूर: मग कोरा की लिनो! अक्षरं उलटी उतरवा, नाहीतर ‘हुतात्मा’ आरशात वाचावा लागेल. शिरोरेषा 2 मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका. कड आतून पोखरली तर रूळ फिरताना तुटते. उतार बाहेरच्या बाजूला हवा.

सीमाभाग_रसिक: गार लिनो भुगा होतो, ते कोण सांगणार?

ठसेवाला_खानापूर: उन्हात दहा मिनिटं ठेवा, मऊ पडतो. बघा, होरांना कोरा कागद म्हणणारे आता लिनो तापवायला निघाले.

सीमाभाग_रसिक: निघालो. तुमचा लगदा वाळेपर्यंत माझ्या शंभर होतील.