आईची बोटं सकाळी वळत नाहीत, पण आरए फॅक्टर (संधिवातासाठीची रक्ततपासणी) निगेटिव्ह. मग हा संधिवात नाही का?

तासगावची_लेक:
आईचं वय ५२. तीन-साडेतीन महिने झाले, सकाळी दोन्ही हातांच्या मुठी मिटत नाहीत, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून पिते आणि दहा वाजेपर्यंत भाकरी थापता येत नाही. बोटांच्या मुळाशी सूज आहे, मनगटं गरम लागतात. जवळच्या डॉक्टरांनी युरिक अॅसिड आणि आरए फॅक्टर केलं, दोन्ही नॉर्मल, म्हणाले वयोमानाने होतं, कॅल्शियम घ्या. शेजारच्या काकू म्हणतात आमवात आहे, दही बंद करा. ती पेनकिलर घेऊन कामं उरकते पण रात्री कूस बदलताना कण्हते ते ऐकवत नाही हो. कोणाला दाखवू?

निळी_छत्री:
अगं, मला २०१५ पासून रुमॅटॉइड संधिवात (आरए) आहे आणि तू लिहिलंयस ते सगळं माझंच वाटलं. गुडघा झिजतो तेव्हा चालून दुखतं, बसलं की बरं वाटतं आणि सकाळचा आखडलेपणा थोड्या वेळात जातो. इथे उलटं असतं, विश्रांतीनंतर जास्त आखडतं, तासभर तरी सुटत नाही, आणि दोन्ही हात सारखेच धरतात. आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या अस्तरावर उठते. फॅक्टर निगेटिव्ह असूनही हा आजार असतो, आणि पॉझिटिव्ह येऊन काहीच नसलेलीही माणसं असतात. त्यामुळे त्या एका रिपोर्टवर थांबू नकोस, रुमॅटॉलॉजिस्टलाच, म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञालाच दाखव. माझं निदान व्हायला दीड वर्ष गेलं, तेवढ्यात उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली ती झालीच.

लॅबवाला_दादा:
ईएसआर, सीआरपी, अँटी-सीसीपी आणि एएनए या रक्ततपासण्या डॉक्टर बहुतेक सांगतीलच. आईंना चिकुनगुनिया झाला होता का ते आठवा, त्यानंतरही सांधे महिनोन् महिने धरून राहतात. आणि कृपा करून गावोगाव मिळणाऱ्या संधिवाताच्या पुड्या देऊ नका, काहींत स्टिरॉइड मिसळलेलं असतं, दोन दिवसांत आराम पडतो आणि खरा आजार आत वाढत राहतो.

माईची_धाकटी:
माझ्या बहिणीचं पण सांध्यांपासूनच सुरू झालं, निघाला ल्युपस, त्यातही आपलीच प्रतिकारशक्ती शरीरावर उठते. आईला विचार, तोंडात सारखे फोड येतात का, उन्हात गेल्यावर गालावर लाली येते का, डोळे कोरडे पडतात का, गार पाण्यात बोटं पांढरी-निळी होतात का. बहिणीच्या लघवीत प्रोटीन जात होतं, किडनीवर आलं होतं आणि आम्ही नुसता गुडघा शेकत बसलो होतो.

तासगावची_लेक:
चिकुनगुनिया नाही झालेला. पण बोटं पांढरी होतात! थंडीत धुणं धुताना होतं म्हणे, दोन वर्षं झाली, कधी बोलली नाही. कोल्हापूरची गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीय.

निळी_छत्री:
हे डॉक्टरांना आधी सांग. सकाळी सूज असतानाचे फोटो काढून ठेव, दुपारपर्यंत हात बरा दिसायला लागतो. आणि मेथोट्रेक्सेट (रुमॅटॉइडवरचं नेहमीचं औषध) लिहून दिलं तर ती गोळी आठवड्यातून एकदाच असते, वार ठरवून कॅलेंडरवर गोल कर. माझ्या ओळखीतल्या एका आजोबांना चुकून रोज दिली गेली, तोंड सोलून निघालं, रक्तातल्या पेशी घसरल्या, अॅडमिट करावं लागलं. गुरुवारी काय म्हणाले ते इथे लिही, मी बघतेय.