फॅमिली ग्रुप: दुकानाचा भाडेहक्क कोणाचा?

सुनील: राम राम सर्वाइले. मालकाचा पोरगा आज पुन्हा आलता. "तेरवी झाली, आता दुकान खाली करा. नाही तं अकरा महिन्याचा नवा कागद, भाडं आठ हजार." बाबा गेले तं भाडेहक्क बी गेला म्हणते. मले झोप नाही.

मोठे बाबा (बाबाइचे मोठे भाऊ): पहिले भाड्याच्या पावत्या शोधा.

अनिल (पुणे): सध्या कुलूप लाव. मे महिन्यात आलो की बसून ठरवू.

सुनील: कुलूप? लोकाइच्या पाण्याच्या अकरा मोटारी जळून दुरुस्तीले पडल्या हाय दुकानात. हरभऱ्याचं ओलित थांबलं, माणसं दारात उभी हाय.

दिलीप भाऊजी: 🌹 शुभ सकाळ 🌹 सकारात्मक राहा.

रंजनाताई: भाऊजी, दुपारचे तीन वाजले.

शुभांगी (वकील): कुलूप अजिबात नको. सलग सहा महिने सबळ कारणाशिवाय दुकान बंद राहिलं तर मालकाला दाव्याचं कारण मिळते. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ७(१५): धंद्याच्या जागेचा भाडेकरू वारला, तर त्या वेळी त्याच्यासोबत तिथं धंदा करणारा घरचा माणूस भाडेकरू होतो. तसा कोणी नसेल तर वारस. आपसात जमलं नाही तर कोर्ट ठरवते. सुनीलदादा बसत होता ना?

सुनील: बारावीपासून. बाबाइचे हात थरथरायचे, तार मीच भरो. ते वार्निश लावत अन् गिऱ्हाइकासंग बोलत.

अनिल: म्हणजे आमचा हक्क शून्य? तार मीही गुंडाळली आहे.

रंजनाताई: दोन उन्हाळे. तिसऱ्या वर्षी तांबं विकून कुल्फी खाल्ली.

शुभांगी: मशिनी, तांबं, उधारी यात काकूंचा अन् तुम्हा तिघांचा वाटा आहेच. भाडेहक्क वेगळा.

मोठे बाबा: पावत्या सापडल्या का?

किशोर मामा: माह्या ग्रामपंचायतीच्या गाळ्याले बी हेच काय?

शुभांगी: नाही मामा. सरकारी, ग्रामपंचायत, नगर परिषद यांच्या जागेला हा कायदा लागत नाही. तुमचा करारनामा पाहावा लागेल. सुनीलदादाचा गाळा खाजगी आहे, अन् आपल्या गावाला जुना १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा भाडे नियंत्रण आदेशही लागू होता, म्हणून हा कायदा लागतो.

अनिल: मालक दोन लाख देत असेल तर घेऊन मोकळं व्हा ना.

सुनील: तुह्या फ्लॅटचा हप्ता भराले?

मोठी माय: लेकहो, ग्रुपवर व्याही हाय.

शुभांगी: अकरा महिन्याच्या कागदावर सही नको. जुना भाडेहक्क स्वतःच सोडल्यासारखं होते. भाडं थकवू नका. घेत नसेल तर त्याच्या खात्यात टाका. स्वतःच्या गरजेसाठी जागा पाहिजे असेल तर ते त्यानं कोर्टात सिद्ध करावं.

मोठे बाबा: पावत्या!

सुनील: सापडल्या. बिस्किटाच्या डब्यात होत्या, वार्निशनं चिकटल्या. महिना ३५०. पण नाव आबाजीचं हाय, बाबाइच्या बाबाचं.

शुभांगी: आबाजींचं? ते १९९६ मध्ये गेले. कायदा नंतर आला तरी आधीच्या मृत्यूलाही हेच कलम लागते. तेव्हा दुकानात कोण बसत होतं?

मोठे बाबा: तुहा काका, सुनीलचा बाप, रोज. बाजाराच्या दिवशी मी बी. म्हणूनच म्हणून राह्यलो, पावत्या शोधा.

रंजनाताई: (हा संदेश हटवला आहे)

अनिल: मोठे बाबा, हे तुम्ही आत्ता सांगता?

मोठी माय: अहो, फोन ठेवा अन् जेवाले या.