गाइड डॉग वाढवायचे की काठीचं शिक्षण द्यायचं?

राजेंद्रनगरकर

रविवारच्या बैठकीत आपल्या लायन्स क्लबपुढे प्रस्ताव आला: यंदाच्या सेवानिधीतून लॅब्रॅडोरची दोन पिल्लं घ्यायची, सदस्यांच्या घरी वाढवायची आणि इंदूरमधल्या दृष्टिहीनांसाठी गाइड डॉग, म्हणजे त्यांना रस्त्याने सांभाळून नेणारे कुत्रे, तयार करायचे. बराच वाद झाला आणि निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. मी प्रस्तावाच्या बाजूने आहे.

गाइड डॉगची पहिली शाळा १९१६ साली जर्मनीत ओल्डेनबुर्गला निघाली, युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी. १९२५ मध्ये हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी उभं राहण्याचं आवाहन केलं. १९३९ मध्ये डेट्रॉइटकडच्या लायन्स सदस्यांनी मिशिगनमध्ये ‘लीडर डॉग्ज’ ही गाइड डॉगची शाळा उभी केली. तीही आपल्यासारखी नोकरी-धंदा करणारी माणसंच होती.

पिल्लू साधारण आठ आठवड्यांचं असताना घरी येतं आणि सव्वा-दीड वर्षाचं होईपर्यंत राहतं. या काळात त्याला रस्ता दाखवायला शिकवायचं नसतं. ठरलेल्या शब्दावर शी-शू करणं, सोफ्यावर न चढणं, वाडग्याशिवाय कुठलंही अन्न न उचलणं, लिफ्ट, जिना, बस, भाजीबाजार यांची सवय, एवढंच. खाणं मोजून, दिवसातून तीनदा. टेबलाखाली सांडलेले पोहे एकदा जरी खाऊ दिले, तरी पुढे छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत ते हार्नेसमध्ये (माणूस धरतो त्या मुठीच्या पट्ट्यात) असतानाही नाक खाली घालून चालणार. हे एखादं घर शिस्तीने नक्की करू शकेल.

काठीची_मूठ

दादा, पिल्लू घरात वाढेल, मान्य. दीड वर्षानंतर ते कोणाकडे द्यायचं? पुढचं शिक्षण काही महिन्यांचं असतं आणि ते देणारा प्रशिक्षक स्वतः दोन-तीन वर्षं उमेदवारी करून तयार होतो. त्यानंतर कुत्रा आणि माणूस यांची जोडी जुळवून काही आठवडे दोघांना एकत्र शिकवावं लागतं. घेणारी शाळा नसेल तर क्लबकडे दोन गुणी पाळीव कुत्रे उरतील, बाकी काही नाही.

दुसरं म्हणजे, कुत्रा रस्ता ‘माहीत असल्यासारखा’ नेतो हा समज सोडा. तो सिग्नल वाचत नाही. पलासियाच्या चौराह्यावर केव्हा निघायचं हे माणूस वाहनांच्या आवाजावरून ठरवतो आणि हुकूम देतो. कुठे वळायचं तेही माणसालाच माहीत असावं लागतं. म्हणून कुत्रा देण्याआधी ती व्यक्ती काठीने एकटी, आत्मविश्वासाने चालते का, हे पाहिलं जातं. आपल्याकडे हाच पाया कच्चा आहे. नुसती काठी वाटून फोटो काढला की काम संपतं.

काठी मापाने घ्यावी लागते: जमिनीपासून छातीच्या हाडापर्यंत. हात पोटासमोर मधोमध, मनगटातून हलवायची, टोक दोन्ही खांद्यांच्या जरा बाहेर जाईल इतकंच. उजवं पाऊल पुढे पडताना टोक डावीकडे हवं, म्हणजे पुढच्या पावलाची जागा आधी तपासली जाते. हा ताल बिघडला की माणूस न तपासलेल्या जागी पाय टाकतो. बारीक टोक पेव्हरच्या फटीत अडकून मूठ पोटात बसते. आपल्या फुटपाथना फिरतं गोल टोक बरं. घडीच्या काठीतलं इलास्टिक वर्षा-दोन वर्षांत सैल पडतं, मग चालताना कांड्या सुटतात. सुटी टोकं आणि इलास्टिक यांचा साठा ठेवला तरी केवढं काम होईल!

राजेंद्रनगरकर

ताई, शाळेचा मुद्दा खरा आहे. पण काठी कमरेच्या खालचंच सांगते. दुकानाच्या पत्र्याची कड, लटकती केबल, ट्रकचा उघडा फाळका हे थेट कपाळावर येतं. कुत्र्याला माणसाच्या उंचीचा अंदाज घेऊन बाजूने न्यायला शिकवलेलं असतं. शिवाय ई-रिक्षाचा आवाज येत नाही. पुढे गाडी आलेली असताना माणसाने ‘चल’ म्हटलं तर कुत्रा हुकूम मोडून थांबतो, आणि हे त्याला मुद्दाम शिकवतात. काठी असं करणार नाही.

काठीची_मूठ

कपाळाच्या अडथळ्यांसाठी आयआयटी दिल्लीत विकसित झालेली स्मार्टकेन आहे. अल्ट्रासॉनिक लहरींनी गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचा अडथळा टिपते आणि मुठीत कंप देते. ई-रिक्षाचं तुमचं म्हणणं बरोबर, तिथे काठी कमी पडते. पण कुत्र्याचं ते थांबणं शेवटचा उपाय आहे, त्याच्या भरवशावर रस्ता ओलांडत नाहीत.

पशुवैद्य_सुदामानगर

दोघांच्याही बोलण्यात न आलेलं सांगतो. पिल्लाला जगाची ओळख करून द्यायचा उत्तम काळ साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत, आणि पार्व्हो-डिस्टेंपर या जीवघेण्या रोगांवरच्या लसींची मालिका पुरी होते सोळाव्या आठवड्याच्या सुमारास. म्हणजे जमिनीवर सोडलं तर पार्व्होची भीती, घरात कोंडलं तर पुढे भित्रं कुत्रं. मार्ग एकच: कडेवर किंवा गाडीत बसवून फिरवायचं, भटक्या कुत्र्यांच्या जागी खाली ठेवायचं नाही.

भटके कुत्रे हा इथला सर्वांत मोठा अडसर आहे. प्रत्येक गल्लीची टोळी असते आणि हार्नेसमधल्या कुत्र्याला पळताही येत नाही, उलटून गुरगुरताही येत नाही. एकदा चांगलाच चावा बसला तर तयार कुत्राही कामातून जाऊ शकतो. दुसरी गोष्ट ऊन. एप्रिल-मे मध्ये दुपारचं डांबर ५० अंशांच्या वर जातं. हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही, तर पंजेही टेकवायचे नाहीत. मग दुपारी ऑफिसातून परतणाऱ्याने काय करायचं? गोचिडांचा ताप वेगळाच. दर महिन्याचं औषध चुकलं की प्लेटलेट्स घसरतात. आणि रंगपंचमीची गेर (मिरवणूक), लग्नाचे डीजे, दिवाळी. आवाजाला घाबरणारं पिल्लू दीड वर्षानंतरही बाद होतं, कंबरेच्या सांध्याचा एक्स-रे खराब निघाला तरी बाद. चांगल्या शाळांतही बरीच पिल्लं गळतात. दोनच घेतली तर दोन्ही गळू शकतात, हे गृहीत धरा.

पावलांचा_आवाज

मला दिसत नाही, पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीनरीडरवर मी हे सगळं ऐकलं. बैठकीत आमच्यापैकी कोणाला बोलावलं होतं का?

गाइड डॉग मला आवडेल. पण फुटपाथवर दर दहा पावलांवर उभ्या दुचाकी असतात. प्रत्येक वेळी कुत्रा काठावर थांबणार, मी पायाने काठ चाचपणार, हुकूम देणार, रस्त्यावर उतरून वळसा, पुन्हा वर. अर्ध्या किलोमीटरमध्ये दोघंही दमतील. आमच्यासाठी बसवलेल्या पिवळ्या फरशांचंही तसंच. उभ्या रेघांची फरशी म्हणजे चला, ठिपक्यांची म्हणजे थांबा. ती रेघ सरळ विजेच्या खांबाला नेऊन सोडली, तर कुत्रा असो की काठी, काय उपयोग?

आणि मदत करणाऱ्यांना एक विनंती. दंड धरून ओढू नका. तुमचा कोपर पुढे करा, आम्ही कोपराच्या वर धरतो आणि अर्धं पाऊल मागे चालतो. जिना आला की थांबून चढायचा की उतरायचा ते सांगा. हे शिकायला दहा मिनिटं पुरतात.

राजेंद्रनगरकर

बोलावलं नव्हतं. चूक झाली. पुढच्या बैठकीला या, तुम्ही सांगाल तिथून घ्यायला येतो.

गाइड डॉगचा विचार मी सोडलेला नाही, पण प्रस्ताव बदलतो. एखादी शाळा ‘पिल्लू आम्ही देऊ आणि दीड वर्षाने परत घेऊ’ असं लेखी देईपर्यंत पिल्लू आणायचं नाही. निधीतून आधी काठीचं शिक्षण, टोकं आणि इलास्टिक. तुम्ही रोज जाता-येता ते तीन रस्ते सांगा. आम्ही तुमच्यासोबत चालून प्रत्येक चुकीची फरशी आणि कपाळाशी येणारा पत्रा लिहून घेऊ आणि यादी महापालिकेला देऊ.

काठीची_मूठ

यादी करताना सकाळी आठला एकदा आणि संध्याकाळी सातला एकदा चाला. सकाळी मोकळा दिसणारा फुटपाथ संध्याकाळी ठेल्यांनी भरलेला असतो.