आधी संध्याकाळचा चहा बघा

बारापर्यंत डोळा लागत नाही, गोळी घ्यावी का, असं तुम्ही विचारलंत. गोळीचं डॉक्टरांना विचारा, पण आधी चहाची वेळ बघा. निम्मं कॅफीन शरीरातून जायलाच साधारण ५ तास लागतात; सहाला घेतलेल्या चहातलं निम्मं अकरालाही अंगात असतं.

आम्हा इंदूरकरांचं दुसरं दुखणं म्हणजे सराफा, आमच्या सराफ बाजारातली रात्रीची खाऊगल्ली. दागिन्यांची दुकानं मिटली की गराडू (तळलेला कंद), भुट्ट्याचा कीस! रात्री दहाला तळलेलं खाल्लं की आडवं होताच जळजळ. पाहुणे आले तर जरूर जा, रोज नको.

माझ्या आईला खरा गुण आला तो सकाळच्या उजेडाने. उठल्याबरोबर अर्धा तास गच्चीवर. मेंदूतलं घड्याळ त्या उजेडावरच लागतं. उठायची वेळ रविवारीही तीच ठेवा. घोरताना श्वास अडकत असेल तर मात्र तपासणी टाळू नका.