मदत हवी आहे : मुरबाडजवळ अडीच एकर, ट्रॅक्टर किती एचपीचा घ्यावा?

आम्ही भांडुपला राहतो. सासरची अडीच एकर जमीन मुरबाड तालुक्यात आहे. सासरे (आबा, वय ७१) तिकडेच असतात. मी आणि नवरा शनिवारी सकाळी लोकलने कल्याण, तिथून एसटीने गावी. आजवर सगळं भाड्याच्या ट्रॅक्टरवर निभलं, यंदा मात्र पार फिसकटलं.

भाताचं रोप २२ दिवसांचं झालं, पाऊसही हवा तसा होता. पण नेमकी तेव्हाच अख्ख्या गावाची चिखलणी (लावणीआधी खाचरात पाणी धरून चिखल करणं), आणि ट्रॅक्टर दोनच. "उद्या येतो" ऐकण्यात तेरा दिवस गेले. ३५ दिवसांचं, जून झालेलं रोप आवलं (लावलं), फुटवे कमी आले. तेव्हापासून आबांनी एकच धरलंय, आपला ट्रॅक्टर घ्यायचा. तोही ४५ एचपीचा, कारण गावात तोच आहे. विक्रेताही म्हणतो, "मोठा घ्या, उद्या भाड्याने फिरवता येईल." फिरवणार कोण? मी फोर्टातल्या ऑफिसात, नवरा पवईला!

दीड एकर भातखाचर आहे, पण त्याचे ११ तुकडे. सगळ्यांत मोठं ९ गुंठ्यांचं, धाकटं अडीच. मोठा ट्रॅक्टर धाकट्यात वळेपर्यंत कोपरे तसेच राहतात, ते आबा कुदळीने खणतात. दर वर्षी एखादा बांधही ढासळतो. उरलेलं एकरभर वरकस (चढाची, हलकी जमीन), त्यात १० बाय १० मीटरवर ४० आंब्याची कलमं, फांद्या बऱ्याच खाली आलेल्या. ट्रॉलीचं काम नाही. बजेट अवजारांसकट साडेसहा लाख.

१५ एचपी पुरेल, की २४ घ्यावा? फोर बाय फोरचे (चारही चाकं ओढणाऱ्याचे) जास्तीचे पैसे मोजण्यासारखे आहेत का? की मागून चालत चालवायच्या पॉवर टिलरवर भागेल?

खाचरातला_बेडूक : ताई, एकरावरून ट्रॅक्टर ठरवू नका. शेवटच्या खाचरापर्यंतची वाट टेपने मोजा, सगळ्यांत चिंचोळी जागा किती ते बघा. ४५ एचपीचा ट्रॅक्टर साडेपाच-सहा फूट रुंद आणि १,९०० किलोच्या आसपास. तुमचे बांध काय म्हणून टिकतील? २४ एचपीचा मिनी साडेतीन-चार फुटांत बसतो आणि वजन निम्म्याहून कमी.

दुसरं, विक्रेता सांगतो तो इंजिनाचा एचपी. रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती घुसळणारं अवजार) फिरतो पीटीओवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर, तिथे २४ चे २०-२२ च हाती येतात. म्हणजे साडेतीन-चार फुटी रोटाव्हेटर, पाच फुटीचा मोह नको. १५ एचपी बागेत छान चालतो, चिखलात दम लागतो. भात असेल तर फोर बाय फोरच. टू व्हील एकदा रुतला की ओढायला पुन्हा त्याच भाडेवाल्याच्या पाया पडा!

कलमवाला_पालीचा : वरच्याला अनुमोदन. बागेसाठी एक बघा, सायलेन्सर वर उभा नको, खाली आडवा असलेला घ्या. माझ्या पहिल्या ट्रॅक्टरने दोन कलमांचा मोहोर भाजला. आणि रोटाव्हेटर चिखलणीचाच मागा, बेअरिंगला चिखल न शिरणारे सील असलेला. साध्याचे बेअरिंग एका पावसाळ्यात वाजायला लागतात.

टिटवाळ्याचा_तात्या : मी उलट सांगतो. अडीच एकराला वर्षाचं काम किती? पंचवीस-तीस तास. तेवढ्यासाठी सहा लाख दारात उभे करायचे? १३ एचपीचा पॉवर टिलर निम्म्याहून कमी पैशांत येतो.

खाचरातला_बेडूक : तात्या, पैशांचा हिशेब बरोबर आहे. पण टिलरमागे चिखलातून दिवसभर चालणार कोण, एकाहत्तरीचे आबा? आणि ताईंना अडचण भाड्याची नाही, वाट बघण्यात गेलेल्या त्या तेरा दिवसांची आहे. भावकीत कुणी अर्धी भागीदारी करत असेल तर बघा, चालवणाराही मिळेल. ताई, अनुदान हवं असेल तर महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या पोर्टलवर) आधी अर्ज करा, पूर्वसंमती हातात येईपर्यंत बिल फाडू नका, नाहीतर अनुदान गेलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, कोटेशन जुन्या दराचं नाही ना तेही बघा. आणि चालवणाऱ्याला बजावा, उंच बांध चढायचा तर सरळ आणि रिव्हर्समध्ये. तिरका चढवलेला ट्रॅक्टर उलटतो.

भांडुपची_सून : सगळ्यांचे आभार. शनिवारी टेप घेऊन गेले होते. विहिरीजवळ वाट चार फूट आठ इंच, एका बाजूला दगडी गडगा, दुसऱ्या बाजूला उतार. मग आजवर मोठा ट्रॅक्टर यायचा कुठून? तर शेजाऱ्यांच्या खाचरातून. त्यांनी आधी आवलं की आमची वाट बंद! हे आबांनी इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे ४५ घेऊनही आम्ही बांधावर उभेच राहिलो असतो. टेप बघून आबा गप्प झाले, मग म्हणाले, "छोट्याला चिखल झेपेल का ते डोळ्यांनी दाखव." चुलतदीर निम्मे पैसे घालायला तयार आहेत.

तर आता एवढंच : मुरबाड-शहापूर भागात कुणाकडे २४ चा फोर बाय फोर भातात चालतो का? आबांना घेऊन बघायला येऊ.