सल्ला हवा: शनिवार सकाळचा कंट्री गाण्यांचा कार्यक्रम (बजेट १५० डॉलर)

कॅन्ससकर
मंडळी, अमेरिकेत कॅन्ससमध्ये, विचिटा शहराच्या पश्चिमेला एका गावात राहतो. गहू आणि गुरं, बाकी नावाला काही नाही. इथे १०० वॉटचं छोटं एफएम केंद्र आहे. सगळा कारभार स्वयंसेवकांचा, गावाबाहेर पाच-सहा किलोमीटर गेलं की नुसती खरखर. शनिवारी ७ ते ९ कंट्री गाणी (इथलं गावाकडचं संगीत) लावणारे आजोबा आता थकलेत, जिने चढवत नाहीत. मी त्यांच्या सीड्या शोधून द्यायचो, म्हणून कार्यक्रम माझ्याच गळ्यात पडला. गाणी बऱ्यापैकी माहीत आहेत, पण माइकवर कधी बोललेलो नाही. क्रम कसा लावायचा? मध्ये किती बोलायचं? आणि माझ्या उच्चारांचं काय? पदरचे १५० डॉलर घालू शकतो. त्यावर एक सेंट नाही, घरून ताकीद आहे.

रेडिओवेडा
डोळे झाकून शूर कंपनीचा एसएम७बी माइक घ्या. चारशेच्या आसपास पडतो. मी घेतल्यापासून लोक विचारतात, आवाजाचं काही शिक्षण घेतलंय का म्हणून.

कॅन्ससकर
बजेट १५० आहे हो. आणि केंद्रात माइक आहे, मी माइक विचारलाच नव्हता.

रेडिओवेडा
माइकमध्ये तडजोड केलीत तर पस्तावाल. एवढंच सांगतो.

ऑस्टिनची_सून
एसएम७बी नुसता घेऊन भागत नाही, त्याला गेन, म्हणजे आवाज वाढवणारी ताकद, भरपूर लागते. आमच्या ह्यांनी हौसेने आणला, आवाज आला चिमणीएवढा. मग बूस्टर आणला. आता दोन्ही वस्तू कपाटात हिवाळ्याच्या कपड्यांखाली आहेत. कोणाला हवं असेल तर निरोप टाका.

खवचट_काका
सातासमुद्रापार जाऊन गोऱ्यांना त्यांचीच गाणी ऐकवणार. धन्य! एखादी लावणी लावा की राव.

कॅन्ससकर
काका, लावणीला इथे श्रोता मी एकटा.

नॅशव्हिलचा_नाना
मी एका व्यापारी कंट्री केंद्रात गाण्यांच्या याद्या लावायचं काम करायचो. मालक बदलला आणि सकाळचा एक निवेदक सोडून सगळे घरी गेले. आता दुसऱ्या राज्यातला कोणी आधीच रेकॉर्ड करून ठेवतो आणि "काय सुंदर दुपार आहे" म्हणतो, तेव्हा इथे गारा पडत असतात. असो. मुद्द्याचं:

मोठ्या केंद्रांवर चालू हिट गाणं दर तीन-चार तासांनी फिरतं. ते गणित तुम्हाला लागू नाही. तुमचे आठवड्याचे दोनच तास, त्यामुळे एकच काळजी घ्या: दर शनिवारी त्याच गाण्याने सुरुवात नको. तासाचं घड्याळ कागदावर काढा, म्हणजे कितव्या मिनिटाला काय ते. तासाच्या तोंडाशी केंद्राची कॉल अक्षरं (परवान्यावरचं अक्षरी नाव) आणि लगेच गावाचं नाव, हा कायदा आहे. तुमच्या अक्षरांच्या शेवटी एलपी (लो पॉवर) असेल, ते गाळू नका. त्यानंतर सगळ्यांच्या ओळखीचं, उडत्या चालीचं गाणं. अनोळखी गाणं दोन ओळखीच्या गाण्यांच्या मध्ये बसवा. दोन रडकी गाणी पाठोपाठ नकोत, आणि कंट्रीत ही काळजी फार घ्यावी लागते.

बोलणं गाण्याच्या सुरुवातीच्या वाद्यांवर करा, गायकाने तोंड उघडलं की तुमचं बंद. पहिला शब्द किती सेकंदाला येतो ते सीडीच्या कव्हरवर पेन्सिलीने लिहून ठेवा, आजोबांनी बहुधा लिहिलेलं असेलच. गाणं संपल्यावर नाव पुन्हा सांगा, गाडीत मध्येच रेडिओ लावणाऱ्याला तेच हवं असतं.

आणि देणगीदार दुकानाचे आभार मानताना "स्वस्त", "उत्तम", "जरूर भेट द्या" म्हणायचं नाही. तुमचं केंद्र बिनव्यापारी आहे. नाव, पत्ता, काय विकतात, बस्स.

ऑस्टिनची_सून
नाना, छान लिहिलंत. शिवाय दोन रडकी गाणी पाठोपाठ लावू नका, कंटाळा येतो.

डॉलीभक्त
दोन बायकांची गाणीही पाठोपाठ लावायची नाहीत, असा कंट्रीवाल्यांचा दंडक आहे ना? २०१५ मध्ये एक रेडिओ सल्लागार म्हणालाच होता की पुरुष म्हणजे सॅलडची पानं आणि बायका म्हणजे टोमॅटो, थोडेच घाला.

नॅशव्हिलचा_नाना
दंडक होता, अजूनही पुष्कळजण पाळतात. ऐकणारे कंटाळून केंद्र बदलतात, असं कारण द्यायचे.

डॉलीभक्त
कंटाळून? किटी वेल्स १९५२ मध्ये कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली, ती कोणी ऐकलं नाही म्हणून? लोरेटा लिनला १९७२ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम कलाकाराचा सीएमए (कंट्री म्युझिक असोसिएशन) पुरस्कार मिळाला, बायकांमध्ये पहिला. मुळात वाजवायचंच नाही आणि मग म्हणायचं, मागणी नाही.

खवचट_काका
टोमॅटोचा भाव काय चाललाय तिकडे?

धागाप्रेमी
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. भांडून धाग्याचं काश्मीर करू नका, कॅन्ससकरांना उच्चारांचं विचारायचंय.

न्यूजर्सीचा_नाम्या
उच्चारांचा क्लास लावा. ऑनलाइन मिळतो, तीनशेत होतं. मी लावला, आता कस्टमर केअरवाले मला "पुन्हा सांगा" म्हणत नाहीत.

बापूराव_आकाशवाणी
क्लास नको. मी आकाशवाणीवर हंगामी निवेदक होतो. समोर एकच माणूस बसलाय असं समजून बोलायचं. "रसिक श्रोतेहो" म्हटलंत की आवाज आपोआप खोटा होतो. आणि 'आपली आवड'ची पद्धत घ्या: फर्माईश करणाऱ्याचं नाव गावासकट वाचा. लोक स्वतःचं नाव ऐकायला रेडिओ लावायचे, गाणं नंतर. नाव कसं उच्चारायचं ते मात्र आधी विचारून घ्या. एका पाटलीणबाईंचं आडनाव चुकलं, तर त्यांचं दोन पानी पत्र आलं होतं.

डॉलीभक्त
चार्ली प्राइडचं पहिलं गाणं १९६६ मध्ये केंद्रांकडे फोटोशिवाय पाठवलं होतं, गायक काळा आहे हे कळू नये म्हणून. तुम्हाला तर फोटोचीही भानगड नाही. बिनधास्त बोला.

न्यूजर्सीचा_नाम्या
पण उच्चार तर ऐकू येणारच ना. क्लास लावाच.

नॅशव्हिलचा_नाना
एक राहिलं. नवखे आहात तोवर एकट्याने बोला. पाहुणा, फोन, काही नको. फोनचा आवाज पातळ येतो आणि मध्ये शांतता पडली की घाम फुटतो. कार्यक्रम रेकॉर्ड करा, आठवड्याने ऐका, लगेच नको.

कॅन्ससकर
सगळ्यांचे आभार. ठरलं असं: माइक नाही, क्लास नाही. नाना, तुमचं घड्याळ भिंतीवर लावलंय (पेन्सिलीचे सेकंद खरंच होते सीड्यांवर), पण शेवटचा सल्ला मोडतोय. साडेसातला आजोबांना घरच्या फोनवर घेणार. गव्हाचा भाव तेच सांगतील, शुक्रवारी बाजार बंद होतानाचा, कारण शनिवारी व्यवहार नसतात. गावाला तो त्यांच्याच तोंडून ऐकायची सवय आहे आणि ते मध्ये थांबले तरी इथे कोणी केंद्र बदलत नाही. खोकलेही तरी. फोन मिक्सरला जोडायची वापरलेली पेटी ११० डॉलरला मिळाली. आणि आठ वाजता किटी, लोरेटा, डॉली पार्टन सलग तिघी.

नॅशव्हिलचा_नाना
तिघी ठीक. फोनचं पुन्हा सांगतो, पस्तावाल.

बापूराव_आकाशवाणी
आजोबांना आधी विचारलंय ना?

कॅन्ससकर
विचारलं. म्हणाले, पावसाचंही मीच सांगणार.

खवचट_काका
आम्ही पुण्यातून ऐकायचं कुठे? लिंक द्या.

कॅन्ससकर
लिंक नाही काका. एफएमवर गीतकार-संगीतकारांच्या हक्काचे पैसे भरले की झालं. इंटरनेटवर सोडलं तर रेकॉर्डिंगचे, म्हणजे गायक-वादकांचे, वेगळे द्यावे लागतात. केंद्राला ते झेपत नाही.

खवचट_काका
म्हणजे एफएमवर वाजलं तर गाणाऱ्याला छदाम नाही? आणि म्हणे प्रगत देश.

रेडिओवेडा
उरलेले ४० साठवा. एसएम७बी वापरलेला मिळतो कधीकधी.