ओहायोतल्या मध्यम शहरात एलजीबीटी भेदभावबंदी ऑर्डिनन्स आणायचाय. सुरुवात कुठून करावी?

उंबरठा

नमस्कार मंडळी. ओहायोतल्या साधारण साठ हजार वस्तीच्या शहरात आम्ही दहा-बारा जण नोकरी, घर आणि दुकान-हॉटेलांमधल्या भेदभावाविरुद्ध ऑर्डिनन्स, म्हणजे शहरापुरता कायदा, आणायच्या खटपटीत आहोत. कौन्सिल सात जणांचं आहे. दोघं मनापासून बाजूने आहेत, तिसरीने "आधी मजकूर दाखवा" म्हटलंय. गटात बरेच मराठी आहेत: काही सिटिझन, काही ग्रीन कार्डवाले, काही एच-१बीवर.

अडलंय ते असं. समलैंगिक किंवा ट्रान्स म्हणून नोकरीवरून काढणं हा लिंगभेदच, असं सुप्रीम कोर्टाने २०२० च्या बॉस्टॉक निकालात म्हटल्यावर वेगळा कायदा कशाला, असं विचारतात; काय सांगायचं? मजकुरात काय असायलाच हवं? मंजूर झाल्यावर विरोधक सह्या गोळा करून तो पाडू शकतात का? नागरिक नसलेल्यांनी कुठवर जावं? आणि राज्यभर अशीच भेदभावबंदी आणणारा फेअरनेस अ‍ॅक्ट वर्षानुवर्षं विधिमंडळात मांडला जातो आणि अडकतो, तर एकेका शहरासाठी एवढी ताकद लावण्यात अर्थ आहे का?

टिपणवही

बॉस्टॉकपासून सुरू करू. १५ जून २०२० चा तो निकाल १९६४ च्या सिव्हिल राइट्स अ‍ॅक्टमधल्या टायटल सेव्हनचा, म्हणजे फक्त नोकरीचा. टायटल सेव्हन १५ पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या मालकाला लागू होत नाही. हॉटेलं, उपाहारगृहं, थिएटरं येतात टायटल टूमध्ये, आणि तिथे वंश, रंग, धर्म आणि मूळ देश एवढ्याच गोष्टी लिहिल्या आहेत. 'सेक्स' हा शब्दच नसल्यामुळे बॉस्टॉकचा युक्तिवाद तिथे चालत नाही. घराच्या संघीय कायद्यात तो शब्द आहे, पण त्याचा अर्थ किती व्यापक लावायचा हे वॉशिंग्टनमधलं प्रशासन बदललं की बदलतं. ओहायोचा स्वतःचा भेदभावविरोधी कायदा, चॅप्टर ४११२, चार कर्मचाऱ्यांपासून लागू होतो, पण लैंगिक कल आणि लिंगओळख हे शब्द त्यात नाहीत. थोडक्यात, तीन माणसांच्या दुकानातून समलैंगिक असल्यामुळे काढून टाकलेल्या मुलीला किंवा हॉटेलने खोली नाकारलेल्या जोडप्याला आज कायद्यात स्पष्ट लिहिलेला आधार नाही. कौन्सिलसमोर एवढंच मांडा. दोन मिनिटांत बसतं.

शहरासाठी ताकद लावण्यात अर्थ आहे का? नक्की आहे. मिशिगनमधल्या ईस्ट लान्सिंगने १९७२ मध्ये समलैंगिकांना शहराच्या नोकरभरतीत संरक्षण दिलं, आणि मिशिगनच्या राज्य कायद्यात ते शब्द मार्च २०२३ मध्ये आले. मधल्या काळात तिथल्या अनेक शहरांचे ऑर्डिनन्स हाच लोकांचा आधार होता. सॉल्ट लेक सिटीने २००९ मध्ये नोकरी आणि घर यांपुरता ऑर्डिनन्स केला, मॉर्मन चर्चने त्याला जाहीर पाठिंबा दिला, इतर शहरांनी तोच मजकूर उचलला आणि २०१५ मध्ये युटाने राज्याचा कायदा केला. दुकानं-हॉटेलं मात्र त्यातून वगळली गेली. शहरांनी सुरुवातीला जे सोडून दिलं तेच राज्यानेही सोडलं, म्हणून पहिल्या मसुद्यातच तिन्ही क्षेत्रं घाला.

राज्याचं संरक्षण कायमचं नसतं, हेही लक्षात असू द्या. आयोवाने २००७ मध्ये घातलेलं लिंगओळखीचं संरक्षण २०२५ मध्ये कायद्यातून काढून टाकलं.

मोजूनमापून

मी फक्त मतं आणि सह्यांच्या गणिताबद्दल लिहितो, कारण चांगले ऑर्डिनन्स तिथेच पडतात.

सगळ्यात आधी शहराला स्वतःची सनद, म्हणजे चार्टर, आहे का ते पाहा. असेल तर कार्यपद्धती त्यात असेल आणि खालचे आकडे बदलू शकतात. क्लर्क ऑफ कौन्सिलकडे मागितलं की प्रत मिळते.

चार्टरमध्ये वेगळं काही नसेल तर राज्याचे नियम असे: ऑर्डिनन्सचं वाचन तीन वेगवेगळ्या दिवशी व्हायला हवं. तीन-चतुर्थांश सदस्यांनी ठरवलं तर ती अट शिथिल होते. साधी मंजुरी बहुमताने होते, पण ऑर्डिनन्स लगेच लागू होत नाही, मध्ये ३० दिवस असतात. त्या ३० दिवसांत मागच्या गव्हर्नरच्या निवडणुकीत शहरात जेवढ्यांनी मत दिलं त्याच्या १० टक्के मतदारांच्या सह्या आल्या, तर प्रश्न जनमताला जातो (हाच रेफरेंडम). समजा तुमच्याकडे २२,००० जणांनी मत दिलं होतं, तर २,२०० वैध सह्या लागतील. एखादा संघटित गट दोन-तीन शनिवार-रविवारांत एवढ्या जमवतो.

सात जणांत म्हणजे मंजुरीला ४, 'इमर्जन्सी' कलमासह मंजुरीला दोन-तृतीयांश म्हणजे ५, आणि तीन वाचनं टाळायची असतील तर ६. इमर्जन्सी कलम लावलं की ऑर्डिनन्स तत्काळ लागू होतो आणि त्याच्यावर रेफरेंडम मागता येत नाही. निकड का आहे ते मात्र मजकुरातच लिहावं लागतं.

तुमची आजची मोजणी दोन पक्की आणि एक 'बघू' आहे. चार पक्की झाल्याशिवाय पहिलं वाचन मागू नका. "मला तत्त्वतः मान्य आहे" हे मत धरायचं नाही. "अमुक तारखेला मी हो म्हणेन" असं म्हटलं तरच धरायचं. आणि एका सदस्याचं म्हणणं दुसऱ्याकडे पोहोचवणारे निरोपे बनू नका. कौन्सिलने सार्वजनिक सभेबाहेर निर्णय ठरवला असा आरोप ओहायोच्या सनशाइन लॉ, म्हणजे खुल्या सभांच्या कायद्याखाली झाला, तर सगळा ऑर्डिनन्सच अवैध ठरू शकतो.

खडूफळा

मोजूनमापून यांच्या आकड्यांशी सहमत, पण इमर्जन्सी कलम मी वापरणार नाही. लोकांना वाटतं की घाईघाईत, दार लावून केलं. शिवाय रेफरेंडम बंद झाला तरी इनिशिएटिव्ह उघडा असतो: तेवढ्याच १० टक्के सह्यांनी विरोधक उलटा ऑर्डिनन्स मतदानाला आणू शकतात. सिनसिनाटीत १९९२ मध्ये कौन्सिलने संरक्षण दिलं आणि १९९३ मध्ये मतदारांनी चार्टरमध्येच असं कलम घातलं की समलैंगिकांना असं संरक्षण देताच येऊ नये. ते काढायला नोव्हेंबर २००४ उजाडलं. चार्टरची दुरुस्ती साध्या ऑर्डिनन्सने उलटवता येत नाही, पुन्हा मतदारांकडेच जावं लागतं. त्यामुळे मतदान होणारच असं धरून आजपासून दारोदार जा.

उंबरठा

खूप उपयोगी, आभार. चार्टर आहे, प्रत मागवतो. दोन उपप्रश्न. 'बाथरूम'चा मुद्दा निघणारच, तेव्हा काय करायचं? आणि तिसऱ्या सदस्येला धार्मिक संस्थांसाठी सूट हवीय, ती द्यावी का?

खडूफळा

बाथरूमबद्दल गप्प राहणं ही सगळ्यात महागडी चूक. ह्यूस्टनमध्ये मे २०१४ मध्ये कौन्सिलने ११ विरुद्ध ६ मतांनी ऑर्डिनन्स केला. त्यात वंश, वय, अपंगत्व, सैनिकी सेवा असं बरंच काही होतं. नोव्हेंबर २०१५ च्या मतदानापर्यंत शहरभर एकच वाक्य पोहोचलं, "बायकांच्या बाथरूममध्ये पुरुष नकोत", आणि सुमारे ६१ टक्के मतं विरोधात जाऊन ऑर्डिनन्स पडला. समर्थक समतेबद्दल सर्वसाधारण बोलत राहिले आणि लोकांच्या मनातल्या भीतीला उत्तर मिळालं नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१८ मध्ये ट्रान्स व्यक्तींचं संरक्षण टिकवायचं की काढायचं यावर मतदान झालं, आणि दोन-तृतीयांशांहून जास्त मतदारांनी ते टिकवलं. तिथे ट्रान्स माणसं, त्यांचे आईवडील आणि पोलीस अधिकारी स्वतः या प्रश्नावर बोलत होते.

सांगायचं ते सरळ: चोरून पाहणं, हल्ला, छळ हे आजही गुन्हे आहेत आणि ऑर्डिनन्सनंतरही राहतील. एलजीबीटी विषयांवर संशोधन करणाऱ्या विल्यम्स इन्स्टिट्यूटच्या २०१८ च्या अभ्यासात मॅसॅच्युसेट्समधली असे ऑर्डिनन्स असलेली आणि नसलेली गावं ताडून पाहिली. सार्वजनिक स्वच्छतागृहांतल्या गुन्ह्यांत ऑर्डिनन्समुळे वाढ झाल्याचं त्यात दिसलं नाही. शाळा-कॉलेजांच्या स्वच्छतागृहांना ओहायोत २०२४ चं सिनेट बिल १०४ लागू आहे. ते शहराच्या हातात नाही, मसुद्यात त्याला हात लावू नका.

दारावरची पद्धतही ठरवून घ्या. पत्रक देऊन पुढे जाणं फारसं उपयोगी पडत नाही. मायामीतला एक प्रयोग २०१६ मध्ये 'सायन्स' या शोधपत्रिकेत छापून आला होता. दारात सुमारे दहा मिनिटं बोलल्यावर ट्रान्स व्यक्तींबद्दलचा पूर्वग्रह कमी झाला आणि तो परिणाम तीन महिन्यांनंतरही टिकून होता. त्यात वाद घातलेला नव्हता. 'तुम्हाला कधी वेगळं ठरवून वागवलं गेलंय का' असं विचारून समोरच्याला बोलू दिलं होतं. एका स्वयंसेवकाच्या तीन तासांच्या फेरीत अशी संभाषणं मोजकीच होतात, त्यामुळे वेळापत्रक आठवड्यांचं नाही, महिन्यांचं आखा.

टिपणवही

धार्मिक सूट द्या, पण ती शब्दांत बांधून द्या. धर्मगुरूची नेमणूक, उपासना, संस्थेची स्वतःची धार्मिक कामं यांना घटनेचं संरक्षण आहेच, ते मजकुरात लिहिल्याने तुमचं काही जात नाही. धोका दुसरीकडे आहे. "योग्य वाटल्यास संचालक सूट देऊ शकतील" असं वाक्य कुठेही शिरू देऊ नका. फुल्टन विरुद्ध फिलाडेल्फिया (२०२१) या खटल्यात शहर नऊविरुद्ध शून्याने हरलं ते नेमकं याच कारणाने: मुलांसाठी पालक-कुटुंब शोधणाऱ्या संस्थेशी केलेल्या शहराच्या करारात अधिकाऱ्याला मर्जीने अपवाद करण्याचा अधिकार होता, त्यामुळे कोर्टाने तो नियम सर्वांना सारखा लागू होणारा मानला नाही.

तसंच तक्रार ऐकणाऱ्या समितीचे सदस्य सभेत काय बोलतात याची शिस्त हवी. समलैंगिक जोडप्याला लग्नाचा केक नाकारणाऱ्या बेकरीच्या मास्टरपीस केकशॉप (२०१८) खटल्यात कोलोरॅडोच्या आयोगाविरुद्ध निकाल गेला, कारण सुनावणीत काही आयुक्तांनी धर्माबद्दल अवमानकारक उद्गार काढले होते. आणि सुप्रीम कोर्टाच्या ३०३ क्रिएटिव्ह (२०२३) निकालानंतर, स्वतःची अभिव्यक्ती असलेलं खास बनवून दिलेलं काम आणि साधी विक्री यांत फरक करावा लागतो. शेल्फवरची वस्तू, टेबल, खोली हे मात्र ऑर्डिनन्समध्ये निर्धास्त येतं.

मजकुरात हवंच असं: 'लैंगिक कल' आणि 'लिंगओळख किंवा अभिव्यक्ती' यांच्या व्याख्या; त्यापुढे "प्रत्यक्षातली किंवा समोरच्याने समजून घेतलेली", नाहीतर चुकीच्या समजातून काढलेला माणूस उघडा पडतो; मालकाची मर्यादा एका कर्मचाऱ्यापासून; तक्रारीची मुदत, साधारण १८० दिवस; तक्रार केल्याबद्दल सूड घेण्याला बंदी. अंमलबजावणीत आधी मध्यस्थी, मग स्वतंत्र सुनावणी अधिकारी, मग दिवाणी दंड. "खर्च किती?" याला उत्तर म्हणून सुनावणी अधिकारी प्रकरणागणिक नेमा, पूर्णवेळ पद नको.

मसुदा लॉ डायरेक्टरकडे, म्हणजे शहराच्या वकिलाकडे, लवकर न्या आणि जुन्या कलमांत होणारा प्रत्येक बदल पूर्ण लिहून काढा. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या कौन्सिलने २०१७ मध्ये १२ विरुद्ध ६ ने ऑर्डिनन्स केला, पण बदललेल्या कलमांचा पूर्ण मजकूर त्यात नव्हता. २०२० मध्ये तिथल्या अपील कोर्टाने तेवढ्यावरून तो रद्द केला आणि कौन्सिलला तो त्याच वर्षी पुन्हा मंजूर करावा लागला.

सातवी_ओळ

नागरिक नसलेल्यांबद्दल. कौन्सिलच्या सभेत बोलणं, सदस्यांना भेटणं, पत्र लिहिणं हे कोणीही करू शकतं, व्हिसाचा प्रश्न येत नाही. रेफरेंडमच्या कागदावर सही फक्त शहरातल्या नोंदणीकृत मतदाराचीच वैध असते, एच-१बी किंवा ग्रीन कार्डवाल्याने ती चुकूनही करू नये. पैशाबाबत ओहायोत विशेष जपा: २०२४ च्या हाउस बिल १ ने बॅलटच्या प्रश्नावर परदेशी नागरिकांनी पैसे देण्याला बंदी घातली, आणि त्यात ग्रीन कार्डधारकही धरले. मतदानाची पाळी आली की अशा सदस्यांनी पिझ्झाचे पैसे देखील मोहिमेच्या नावावर भरू नयेत.

एखादी ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय, संस्था मदतीला येणार असेल तर तिने करखात्याचा फॉर्म ५७६८ भरलाय का ते विचारा. तो भरला की पहिल्या पाच लाख डॉलर खर्चाच्या २० टक्क्यांपर्यंत लॉबिंग चालतं. चार लाखांच्या संस्थेला ८०,००० डॉलर, त्यातले 'लोकांनो, सदस्यांना फोन करा' अशा आवाहनासाठी जास्तीत जास्त २०,०००. बिनपगारी स्वयंसेवकांचा वेळ यात मोजत नाहीत. उमेदवाराला पाठिंबा मात्र अशा संस्थेला अजिबात देता येत नाही, तेव्हा तुमच्या बाजूच्या दोन सदस्यांची निवडणूक जवळ असेल तर त्यांचे फोटो संस्थेच्या पानावर टाकू नका.

मोजूनमापून

खडूफळांच्या आक्षेपावर: पाच मतं असली तरी इमर्जन्सी टाळा, हे मलाही पटतंय. एक मधली वाट सुचवतो. ऑर्डिनन्स न लागणाऱ्या गोष्टी आधी करून घ्या: शहराच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी भेदभावबंदी धोरण, आरोग्यविम्यातले अपवाद काढणं, पोलीस खात्यात एलजीबीटी संपर्क अधिकारी. ह्यूमन राइट्स कॅम्पेन या एलजीबीटी हक्कसंघटनेच्या, शहरांना गुण देणाऱ्या म्युनिसिपल इक्वॅलिटी इंडेक्समध्ये १०० पैकी ३० गुण भेदभावबंदी कायद्यांना आहेत, पण शहर मालक म्हणून कसं वागतं याला २८ आणि पोलिसांना २२. यातलं बरंचसं मेयरच्या सहीने होतं, आणि 'बघू' म्हणणाऱ्या सदस्येला आपल्याच शहरात हे सुरळीत चाललेलं दिसतं. उंबरठा, चार्टरची प्रत आली की सभेच्या वाचनांचं आणि रेफरेंडमचं कलम इथे टाका, सह्यांचा आकडा नक्की करून देतो.